दाण्याच्या घरचा जावई

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, मी एकदा मरणाच्या दारात नेऊन बसवलं होतं. हातात शस्त्र नव्हतं, चमचाभर शेंगदाण्याचं कूट होतं. आणि त्याहून मोठी चूक अशी की, त्यांना परत आणणारी माणसं 'कशानं झालं' म्हणून विचारत होती तेव्हा मी तोंड उघडलं नाही. दाजींविषयी लिहायला बसलं की हे आधी लिहावं लागतं. नाहीतर पुढचं एकही वाक्य मला खरं वाटत नाही.

दाजींना शेंगदाणा चालत नसे. हे वाक्य वाचायला साधं आहे, पण ते बीड जिल्ह्यात जगून दाखवायचं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या माणसालाच कळेल. भरलं वांगं, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, मिरचीचा ठेचा, पोहे, चिवडा, सगळीकडे हा दाणा बसलेला. पंगतीत पान वाढून झालं की दाजी वाढणाऱ्याला जवळ बोलवायचे आणि गुपित विचारावं तसं विचारायचे, "भाजीत राजे आलेत का?" राजे म्हणजे शेंगदाणा. राजे आले असतील तर ती भाजी हात जोडून परत जायची. मी एकदा विचारलं, "दाजी, राजे काऊन म्हणता?" तर म्हणाले, "जो आपला जीव घेऊ शकतो त्याला मान देऊन बोलावं, शिवा."

आणि असा माणूस जावई कुणाचा झाला, तर आमचा. घाटनांदूरला आमचं शेंगांचं दुकान होतं आणि त्याला लागून तेलाचा घाणा. आमच्या अंथरुणा-पांघरुणाला, शाळेच्या दप्तराला, देव्हाऱ्यातल्या गणपतीलासुद्धा शेंगतेलाचा वास होता. आक्काला बघायला दाजी आले तेव्हा पोह्यांची बशी पुढे आली. त्यांनी ती खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, "मामा, मला शेंगदाण्यानं अंग सुजतं, घसा बंद होतो. लहानपणी जीव जाता जाता राहिला. हे लपवून लगीन करायचं न्हाई." माझे वडील, आप्पा, खो खो हसले. "लगीन झाल्यावर सगळं पचतंय, पाव्हणं!" आत आक्का मात्र आईला म्हणाली, "एवढ्या माणसांत खरं बोलला. मला पसंत हाय."

दाजींचं माजलगावला टीव्हीचं दुकान होतं. ते दिवसच तसे होते. धरणाचं पाणी उसाला आलं, उसाचं बिल हातात आलं की माणूस आधी रंगीत टीव्हीची चौकशी करायचा. पत्र्यांवर, माळवदांवर अँटेना उगवल्या होत्या, मग मोठ्या ताटल्या आल्या. दाजी स्वतः छपरावर चढायचे, अँटेना इकडून तिकडे फिरवत खाली ओरडायचे, "आलं का?" खालून सगळं घर ओरडायचं, "मुंग्या हायत!" चित्र स्वच्छ झालं की खाली उतरून त्या घरात चहा प्यायचे, पण बिस्किटाला हात लावायचे नाहीत. नव्या नव्या पाकिटांची त्यांना फार भीती होती. दुकानातल्या भिंगातून ते पाकिटावरची बारीक इंग्रजी वाचत बसायचे आणि शेवटी ते पाकीट बाजूला सारायचे. "बाईला इचारता येतं, आचाऱ्याला इचारता येतं. पाकिटाला कुणी इचारायचं?"

श्रावणी सोमवारी त्यांची खरी गंमत व्हायची. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, भगरीवर दाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या लाडवातही दाणे. दाजी आपले दह्याशी कोरडी भगर कालवून खात. "बाकीच्यांचा उपास नावाचा, माझा खरा," ते म्हणायचे. "महादेवाच्या वहीत माझं पुण्य लई जमा झालं असंल." हे सगळं ते तक्रारीच्या सुरात कधी बोलत नसत. आपल्याला काय मिळत नाही यापेक्षा काय मिळतं याचा त्यांना जास्त आनंद होता. जवसाच्या चटणीवर आणि भाकरीवर इतक्या चवीनं जेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या घरी मात्र एक गोष्ट अडली. घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान. तिथं दिवसभर शेंगा फुटत, टरफलांची धूळ उडे. त्या धुळीनं दाजींना शिंका यायच्या, छातीतून शिट्टी वाजायची. म्हणून ते बोळातून, मागच्या दारानं यायला लागले. जावई मागच्या दारानं येतो! गावाला बोलायला तेवढं पुरे होतं. स्टँडवरच्या हॉटेलात मला कुणीतरी हटकायचंच, "काय बे शिवा, तुमचा जावई चोर हाय का? मागच्या दारानं येतो म्हणं." दुसरा म्हणायचा, "तसं न्हाई. ह्यांच्या मालातच खोट हाय, ते जावयाला ठाऊक हाय." आप्पांच्या कानावरही हे जायचं. मग ते आडतीवर शेंगांचा सौदा करताना दाणा फोडून आधी स्वतःच्या तोंडात टाकायचे, चारचौघांना दिसेल असा.

मी तेव्हा अंबाजोगाईला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कुठलीही गोष्ट प्रयोग करून पाहिल्याशिवाय मानायची नाही, एवढंच विज्ञान माझ्या डोक्यात शिरलं होतं. माझं मत असं होतं की, लहानपणी दाजींना कधीतरी अपचन झालं असेल, भीती मनात बसली असेल. न सांगता दाणा पोटात गेला तर काही होणार नाही. मग सगळ्यांसमोर सांगायचं, 'दाजी, राजे पचले!' म्हणजे ते समोरच्या दारानं येतील, आप्पांची मान वर होईल, हॉटेलातली तोंडं बंद होतील. शिवाय जावयाची थट्टा करायचा मेव्हण्याला हक्कच असतो. लग्नात मी त्यांच्या चहात मीठ घातलं होतं, तेव्हा सगळा मांडव हसला होता. ही थट्टाही मला त्याच माळेतली वाटली.

तो धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ही आपली रीत. आईनं त्या दिवशी कमाल केली होती. करडईचं तेल आणलं, भांडी राखेनं घासून पुन्हा उन्हात ठेवली. तिच्या माहेराहून लग्नात आलेला दगडी पाटा होता, तो कढत पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतला आणि त्यावर खोबऱ्याचं वाटण केलं. आक्कानं दोनदा विचारलं तर म्हणाली, "तुझा नवरा हाय, तसा माझा बी जावई हाय. जा तिकडं."

पानं घेतली. दाजींना पाट, पाटाभोवती रांगोळी. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मामी, राजे?" आई म्हणाली, "राजे वेशीबाहेर हायत, जावईबापू. निवांत जेवा." वाढायला मी होतो. पुरण शिजवून निथळलेल्या पाण्याची झणझणीत आमटी, आपण येळवणी म्हणतो ती, मी त्यांच्या वाटीत ओतली. दुकानातून मुठीत आणलेलं बारीक कूट त्यात आधीच टाकलेलं होतं. मसाल्याच्या रंगात ते दिसलंसुद्धा नाही. दाजींनी धोंडा मोडला, येळवणीत बुडवला, दोन-तीन घास खाल्ले, आईकडे बघून मान डोलावली. मी मनात वाक्य जुळवत होतो.

मग त्यांनी ओठ चोळले. माझ्याकडे नाही, आक्काकडे बघितलं. म्हणाले, "काहीतरी हाय." आवाज घोगरा झाला होता. बघता बघता ओठ सुजले, डोळ्यांच्या कडा फुगल्या, मानेवर, हातांवर लाल गांधी उठल्या. त्यांना उलटी झाली आणि मग श्वास ओढताना तो आवाज यायला लागला, जो मी अजून विसरलो नाही. काकू म्हणाली, पित्त उठलं, आमसुलाचं पाणी चोळा, घोंगडी पांघरा. आत्या मीठ-मोहऱ्या शोधायला धावली. आक्का तेवढी ओरडली, "कायबी चोळू नका! गाडी बघा!" दारात आमचा टेम्पो उभा होता, पण तो शेंगांच्या पोत्यांनी भरलेला. आक्कानं त्यात पाऊल ठेवू दिलं नाही. शेजारच्यांची जीप काढली.

गावातल्या डॉक्टरांनी बघताच मांडीत इंजेक्शन दिलं. हळूहळू ती शिट्टी उतरली, चेहऱ्याला रंग आला. आम्हाला हायसं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, थोड्या वेळानं हे पुन्हा उलटू शकतं, अंबाजोगाईला न्या. तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. दाजींना सलाईन लावून त्या बाहेर आल्या. आम्ही सगळे व्हरांड्यात उभे. त्यांनी विचारलं, "जेवणात शेंगदाणा होता?"

आई म्हणाली, "न्हाई हो बाई. शपथ घेते. तेलसुदिक करडीचं व्हतं."

मी भिंतीला टेकून उभा होतो. सांगायची वेळ तीच होती. मी सांगितलं नाही.

"वाटण कशावर केलं?"

"पाट्यावर. धुतला व्हता मी. कढत पाण्यानं."

"त्याच पाट्यावर रोज दाणे वाटता?"

आईनं हो म्हणून मान हलवली. बाई समजुतीनं म्हणाल्या, "दगडाच्या खाचेत राहू शकतो. काहींना अगदी थोडा कणही पुरतो. तुमची चूक नाही, आई." चूक नाही हे शब्द आईला ऐकूच गेले नाहीत. तिनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

आप्पांनी घाबरत विचारलं, "म्हणजे, दाणा खराब निघाला का आमचा?" बाईंना हसू आलं. त्या म्हणाल्या, "दाणा उत्तम असेल. दोष दाण्याचा नाही आणि हे मनाचे खेळही नाहीत. आपलं शरीर बाहेरून आलेल्या रोगजंतूंशी लढत असतं. ह्यांच्या शरीरानं शेंगदाण्यालाच वैरी ठरवलंय. आधी कधीतरी पहिल्यांदा पोटात गेला तेव्हा त्याची ओळख धरून ठेवली. आता तो दिसला की शरीर आतल्या आत अशी रसायनं सोडतं की कातडी सुजते, घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात, रक्तदाब उतरतो. माणसाला दाणा मारत नाही. दाण्याला हाकलायला उठलेलं स्वतःचं शरीरच मारतं. ह्याला अॅलर्जी म्हणतात. पुन्हा कुणी आग्रह करू नका, आणि कुणी परीक्षाही बघू नका." शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या. मला वाटलं, त्या माझ्याकडेच बघताहेत. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

दाजींनी ही सगळी विद्या घरी येईपर्यंत आपल्या भाषेत करून टाकली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "माझ्या अंगात एक जागल्या हाय. शेताचा असतो ना, तसा. लई इमानदार, पण येडा. त्याला चोर अन् पाव्हणा यातला फरक कळत न्हाई. पाव्हणा दिसला की हा बोंब मारतो, गोफण फिरवतो, सगळं गाव उठवतो. पाव्हण्याला काय होत न्हाई, पण घराची कौलं फुटतात." ऐकणारे हसायचे. स्टँडवर दाजींना चोर म्हणणाऱ्यांपैकी एकजण तर हे ऐकून ओशाळला आणि म्हणाला, "मग मागच्याच दारानं येत जा दाजी, आमी तिथं रांगोळी काढू." खरोखर, पुढच्या खेपेला आप्पांनी मागच्या दाराला तोरण बांधलं. आमच्या घरात जावयाच्या स्वागताचं दार तेच ठरलं. जे मला कूट घालून मिळवायचं होतं ते दाजींनी एका गोष्टीवर मिळवलं.

दाजींच्या मनात कुठलीच अढी राहिली नाही. दिवाळीला ते हसत आले, त्याच जागी बसले. अढी आईच्या हातांना बसली होती. तिनं पाटा उचलायला लावून मागच्या अंगणात, धुण्याच्या जागेवर टाकला आणि वरवंटा कुणाला तरी देऊन टाकला. जावई आले की चुलीपाशी आक्का बसायची आणि आई उंबऱ्याबाहेर. "माझ्या हाताला आता भरवसा न्हाई," एवढंच म्हणायची. दाजींनी तिच्यासाठी दुकानातून मिक्सर आणला. "मामी, ह्यात राजांना बंदी. ह्यात वाटा अन् मला वाढा." आईनं मिक्सरला हळदकुंकू वाहिलं, त्यात कधी दाणा पडू दिला नाही, पण दाजींसाठी त्यात तिनं स्वतः काही वाटलंही नाही. दाजी दर खेपेला न चुकता विचारायचे, "मामी, येळवणी कवा?" आई हसल्यासारखं करायची आणि आत जायची. ते मला ऐकवत नसे. मी उठून दुकानात जाऊन बसायचो.

असं किती वर्षं चाललं ते मोजायची मला लाज वाटते. आप्पा गेले, घाणा बंद पडला, पाकिटातलं तेल आम्हीच विकायला लागलो. माझं लग्न झालं, मुलं झाली. माझ्या धाकट्याला अंड्यानं अंगावर गांधी उठल्या तेव्हा मी दाजींनाच फोन केला. त्यांनी अर्धा तास धीर दिला. मुलाला डॉक्टरकडे कधी न्यायचं, घरात काय औषध ठेवायचं, शाळेत बाईंना काय सांगायचं, हे सगळं शिकवलं. वर म्हणाले, "पोराला लाजायचं शिकवू नको. इचारून खायला शिकव. अन् त्याच्या मामाला सांग, थट्टा दुसरी कायबी कर म्हणावं." ते मामाला म्हणाले. मी घाईनं फोन ठेवला.

मग दाजींनी दुकान विकलं. लेक पुण्याला नोकरीला, तिकडेच राहायला जायचं ठरलं. निरोप घ्यायला दोघं घाटनांदूरला आले. त्या दिवशीही आक्का चुलीपाशी आणि आई उंबऱ्याबाहेर, गुडघ्याला हात लावून बसलेली. निघताना दाजी तिच्या पाया पडले आणि म्हणाले, "येळवणी राहिली हां, मामी." आईनं पदर डोळ्याला लावला.

स्टेशनवर गाडीला उशीर होता. आक्का सामानापाशी बसली होती. मी आणि दाजी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि तिथं मी सगळं सांगितलं. वाटी, मुठीतलं कूट, दवाखान्याची भिंत. सांगून झाल्यावर मी खाली बघत राहिलो.

दाजींना हे आधी ठाऊक असेल, ते हसून सोडून देतील, अशी एक आशा मी मनात धरली होती. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"तू वाढलं म्हणून मी बघितलंसुदिक न्हाई," ते म्हणाले. मग, "आक्काला आज सांगू नको. गाडीत रडंल. मी सांगतो, माझ्या पद्धतीनं."

"दाजी, माझं लई चुकलं. माफ—"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "माझी माफी मागून तू सुटू बघतोस. मला दोन दिसांत उतार पडला, शिवा. मामींची सूज अजून उतरली न्हाई. आधी तिकडं जा."

गाडी आली. दाजींनी सामान चढवलं, आक्काला चढवलं, आणि दारात उभं राहून माझ्या डोक्यावर एक टपली मारली. जोरात मारली. लागली. मग गाडी हलताना तोच हात तोंडापाशी नेऊन ओरडले, "अन् येळवणी करायला सांग! मी येतो!"

घरी आलो तर आई मागच्या अंगणात होती. धुण्याच्या पाट्यावर नातवाचा सदरा घासत होती. दगडाच्या खाचा साबणानं झिजून पार गुळगुळीत झाल्या होत्या. मी तिच्या हातातून सदरा घेतला, बादलीभर पाणी ओतून पाटा धुतला आणि तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसलो. ती म्हणाली, "काय रं? गाडी मिळाली न्हवं त्यांला?"

"मिळाली," मी म्हणालो. "आई, हा पाटा स्वच्छ व्हता. तुझे हात बी स्वच्छ व्हते. त्या दिशी दाजींच्या वाटीत कूट मी टाकलं, माझ्या हातानं, अन् दवाखान्यात तुझ्यावर आलं तवा मी गप राहिलो. आजपस्तोर गप राहिलो. माझं चुकलं, आई. मला माफ कर."